चेंडूवरील ओरखडे

जुन्या नाण्यांचा किंवा पोष्टाच्या तिकिटांचा संग्रह करणारे लोक, श्रोतेहो, सर्वांच्या परिचयाचे असतात. परंतु गोल्फच्या जुन्या चेंडूंचा संग्रह करणारेहि कांहीं रसिक स्कॉटलंडांत, इंग्लंडांत व अमेरिकेंत आहेत. एवढ्याशा गोळ्यांत पाहावयाचें तें काय, असें कोणी विचारील. त्या गोळ्यांवरील ओरखडे पाहावयाचे, हें त्याचें उत्तर.

आरंभीचा चेंडू पिसांचा. चामड्याची लहानशी पिशवी शिवून तींत उकडलेलीं पिसें ठासून भरीत. एका चेंडूला उंच टोपीभर पिसें लागतात, असें सांगत. कसबी कारागीर दिवसांत तीन-चारच चेंडू तयार करी. आणि असा महागाचा चेंडू पावसांत भिजला कीं शिवणीवर उसवे.

१८४८ च्या सुमारास मलायांतील झाडांच्या चिकाचा, म्हणजे गटापर्च्याचा, चेंडू आला. तो स्वस्त असे, आणि बिघडला तर ऊन पाण्यांत मऊ करून पुनः वळतां येई. सेंट अँड्र्यूज येथील अॅलन रॉबर्टसन हा पिसांच्या चेंडूंचा नामांकित कारागीर. नव्या चेंडूंत त्याला आपल्या धंद्याचा काळच दिसला. त्याचा शिष्य टॉम मॉरिस त्या चेंडूनें खेळला, एवढ्यावरून दोघांचें बिनसलें व मॉरिसनें त्याचें दुकान सोडलें. पुढें रॉबर्टसनलाहि तेच चेंडू करावे लागले!

या चेंडूनें एक नवल दाखविलें. गुळगुळीत असतां तो लवकर खालीं येई, आणि फटक्यांनीं ओरखडला कीं दूर जाई. कारागिरांनीं हें ओळखलें व नवा चेंडू हातोडीनें मुद्दाम टोचून विकण्यास आरंभ केला. १८९८ सालीं अमेरिकेंत कोबर्न हॅस्केल यानें ताणून गुंडाळलेल्या रबरी धाग्यांचा चेंडू काढला. १९०२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा सँडी हर्ड यानें त्याच चेंडूनें जिंकली. १९०५ सालीं विल्यम टेलर या इंग्रजानें चेंडूवरील खळग्यांच्या पेटंटासाठीं अर्ज केला. खळग्यांमुळें हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ लगटून राहतो व हवेचा विरोध घटतो.

पिसांचे बहुतेक चेंडू उसवून गेले; गटापर्च्याचे कित्येक मऊ करून पुनः वळले गेले. जे उरले, त्यांना जाणता संग्राहक नवा रंग देत नाहीं. ज्या ओरखड्यांनीं कारागिरांना धडा दिला, तेच झांकून टाकले तर हातीं नुसता गोळा उरतो.