भिंग पुसण्यापूर्वी
(रायफल क्लबच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



नेम कसा धरावा, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु वृत्तपत्रीय छायाचित्रकारांच्या सहवासात अनेक वर्षे काढल्यामुळे भिंगांविषयी चार गोष्टी सांगण्याचे धाडस करतो. रायफलीवरची दुर्बीण असो, पक्षिनिरीक्षकाची असो वा कॅमेरा असो, भिंगाचा धर्म एकच.

भिंग धुळीने फारसे बिघडत नाही. ते बिघडते घाईने पुसल्यामुळे. आपल्याकडील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. मोहस यांच्या कठिनतेच्या मापात गारगोटीचा क्रमांक ७, तर साध्या काचेचा साडेपाच ते सहा. म्हणजे सदऱ्याच्या टोकाने कोरडी काच पुसणारा मनुष्य वस्तुतः तिच्यावर वाळू घासत असतो! त्यातच काचेवर एक नाजूक लेप असतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत अशी पृष्ठे अनेक असतात. १९३५ साली जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने यावर परावर्तनरोधी लेपाचा उपाय काढला. अशा लेपाचा एक थर मिलिमीटरच्या जेमतेम दहा हजाराव्या भागाइतका असतो. तो ओरखडला की पुन्हा चढविणे घरच्या घरी शक्य नाही.

आता कृती. रायफल असेल तर भिंगाला हात लावण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. येथे सवलत नाही. ‘रिकामीच आहे’ हे दुसऱ्याचे सांगणे प्रमाण मानू नये.

मग भिंग खाली झुकवून रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार जातात. उरलेले कण मऊ ब्रशने, न दाबता झटकावेत. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते. बोटाचा तेलकट ठसा असेल तरच पुढे जावे. भिंगांसाठीच्या द्रावणाचे एक-दोन थेंब स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर घ्यावेत. थेंब काचेवर टाकल्यास ते कडेने आत झिरपू शकतात. मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने गोल फिरवावे. खिडक्यांचे अमोनियायुक्त द्रावण आणि बंदुकीचे तेल भिंगापासून दूर ठेवावे. बंदुकीसाठी वापरलेली चिंधी तर मुळीच नको.

कोकणातील पावसाळा हा भिंगाचा खरा वैरी. दमट हवेत काचेवर बुरशी धरते आणि तिच्यातील आम्ल लेपाला, पुढे काचेलाही, खाऊ लागते. आपल्याकडे महागडी दुर्बीण चामड्याच्या पेटीत बंद करून कपाटात जपतात. चामडे ओल धरते. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी, पुड्या ओलावल्या की बदलाव्यात. बुरशी आत दिसली तर दुर्बीण स्वतः उघडू नये. अनेक दुर्बिणींत नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात; एकदा ते उघडले की पुढच्या पावसात आत धुके साचते. अशी दुर्बीण जाणकार दुरुस्तीकाराकडेच द्यावी, आणि तोवर इतर भिंगांपासून वेगळी ठेवावी.