घरातल्या पहिल्या पदवीधराचं काम

(भिलाई येथील बुद्धविहारात एप्रिल महिन्यात झालेल्या तरुण पदवीधरांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं लेखी रूप.)



एप्रिल हा आपला जयंतीचा महिना. 11 तारखेला जोतिबा, 14 तारखेला बाबासाहेब. याच महिन्याच्या 2 तारखेला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार तो 2008 पासून पाळला जातो. आपल्या वस्तीत त्या दिवशी काहीच होत नाही. पण ऑटिझम आपल्या वस्तीत आहे. माझ्या घरात आहे. माझा धाकटा भाऊ आज 24 वर्षांचा आहे. आयोजकांनी मला 'पदवीनंतर काय?' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी माझ्या भावाबद्दल बोलेन. माझ्यासाठी पदवीनंतरचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच होता.

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून इथे आले, पोलाद कारखान्याचं बांधकाम चालू असताना, मजुरीला. बाबा ठेकेदाराकडे कामाला होते. मी घरातली पहिली पदवीधर. तुमच्यापैकी बहुतेकांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नसेल.

भाऊ दीड वर्षाचा झाला तरी हाक मारल्यावर वळून बघायचा नाही. बोट दाखवून काही मागायचा नाही. काही हवं असलं की आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवायचा. दाराची कडी तासन्‌तास वर-खाली करत बसायचा. कुकरची शिटी झाली की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात. कुणी म्हणालं, मुलगे उशिराच बोलतात. कुणी म्हणालं, बहिरा आहे. आई एकच वाक्य म्हणायची, "पोरगं बहिरं नाही, मुकं नाही. त्याले सारं समजते." डॉक्टरांच्या तोंडून 'ऑटिझम' हा शब्द निघेपर्यंत तो नऊ वर्षांचा झाला होता. म्हणजे आई पहिल्यापासून बरोबर होती. तिच्याजवळ फक्त तो शब्द नव्हता.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. माझा भाऊ स्वतःत मग्न नाही. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचं लुकलुकणं, कॉलरला शिवलेलं लेबल, शेजारचं भांडण, हे सगळं त्याच्यावर एकदम येऊन आदळतं. आपण ज्याकडे सहज दुर्लक्ष करतो त्याकडे त्याला दुर्लक्ष करता येत नाही. ऑटिझम हा संसर्ग नाही, वेड नाही. मेंदूची वाढ वेगळ्या रीतीने होण्याची ती अवस्था आहे, आणि ती आयुष्यभर सोबत राहते. कुणी एक शब्दही बोलत नाही, कुणी इंजिनिअर होतं. मुलींमध्ये तर तो बऱ्याचदा ओळखूच येत नाही, 'लाजाळू आहे' म्हणून सोडून दिलं जातं. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा ज्या 1998 च्या शोधनिबंधातून पसरली, तो 'लॅन्सेट' या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

तो बरा करणारं औषध नाही. मात्र बरा करतो म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. आमच्याकडून ताईतवाल्याने घेतले, जडीबुटीवाल्याने घेतले. आता स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागणारे आलेत. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी हा मान्य उपचार नाही. कर्ज काढण्याआधी एवढं वाक्य लक्षात ठेवा.

आता आईबद्दल. एका नातेवाईक बाईंनी आईला विचारलं होतं, "मागच्या जन्मी काय केलं होतं गं?" हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आजा-पणज्यांना शिवू न देणाऱ्यांचं उत्तर हेच होतं, मागच्या जन्मीचं पाप. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागल्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली, कारण ती समाजाची जबाबदारी पुसून टाकते. ज्या दारातून आपण ही कल्पना बाहेर काढली, त्याच दारातून ती दिव्यांग लेकराच्या निमित्ताने परत आत येते. आणि हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत कितीतरी वर्षं डॉक्टर म्हणत होते की आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं. बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून हे खोडून काढलं. ते स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. इथे कर्म, तिथे मानसशास्त्र. दोष मात्र दोन्हीकडे आईचाच.

इथवर दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगते.

मी बारावीत होते. मी ठरवलं की याला दहावी पास करायचीच. आपल्या घरात शिक्षणाशिवाय दुसरा रस्ता कुठे आहे? रोज संध्याकाळी त्याचा हात धरून मी अक्षरं गिरवून घ्यायची. तो हात झटकायचा, हवेत हलवायचा. मी ते हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. हात हलवणं ही त्याची स्वतःला शांत करण्याची रीत आहे, हे मला फार नंतर कळलं. एके दिवशी मी त्याच्यावर ओरडले, "तू बाबांचं नाव घालवशील." त्याने उत्तर दिलं नाही. पण पुढचं वर्षभर तो तेच वाक्य म्हणत राहिला. जेवताना, आंघोळ करताना, रात्री अंथरुणात. माझ्याच सुरात, माझ्याच रागात. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणणं हे बऱ्याच ऑटिस्टिक मुलांचं बोलणं असतं. मला मात्र रोज माझाच आवाज ऐकावा लागला.

त्या आवाजातून मला जे समजलं ते सांगायला मी इथे उभी आहे. कॉलेजात आपल्याला मेरिटवरून टोमणे मिळतात. कोट्यातून आलीस, कोट्यातून आलास. आपण त्यावर भांडतो, कारण आपल्याला माहीत असतं की मार्क म्हणजे माणसाची किंमत नाही. मग घरी येऊन तीच फूटपट्टी आपण आपल्या भावाला लावतो. ज्याला डिग्री मिळणार नाही तो घराण्याच्या वाटचालीतला तोटा, असं मनात कुठेतरी धरतो. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवतो. ही अस्पृश्यताच आहे, आणि ती पाळणारे आपण आहोत. एक माणूस, एक मूल्य, असं आपण म्हणतो. त्या माणसात माझा भाऊ येतो की नाही, एवढाच प्रश्न आहे.

याचा अर्थ त्याला शिकवू नये असा नाही. गिरवणं सोडल्यावर आम्ही चित्रांचं वेळापत्रक केलं. ब्रश, आंघोळ, नाश्ता, विहार, अशी चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवली. पुढे काय होणार हे दिसू लागलं तसा त्याचा आकांत कमी झाला. एका शिक्षिकेने सांगितलं होतं की घरात मराठी बंद करा, फक्त हिंदी बोला, नाहीतर मूल गोंधळेल. आईचं हिंदी मोडकंतोडकं. ती काही महिने त्याच्याशी जवळजवळ बोललीच नाही. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं नुकसान होत नाही, असं आजवरच्या अभ्यासांतून दिसतं. आईच्या भाषेत बोला. मायेने बोलणं बंद पडलं, की त्याचं नुकसान कुठल्याही भाषेत भरून निघत नाही.

तो 17 वर्षांचा असताना एक गोष्ट घडली. संध्याकाळी घरातून बाहेर पडला आणि दुसऱ्या कॉलनीत एका बंगल्याच्या फाटकाची कडी वर-खाली करत उभा राहिला. लोक जमले. नाव विचारलं, त्याने तेच शब्द परत म्हटले. त्यांना वाटलं, टिंगल करतो. मारलं. मी पोहोचले तेव्हा ओठ फाटला होता आणि एक गृहस्थ मला विचारत होते, "कुठल्या वस्तीतला आहे?" त्याच कॉलनीतल्या एखाद्या मुलाने असं केलं असतं, तर तो 'स्पेशल' ठरला असता. आमचा मुलगा चोर ठरला. म्हणून आपल्या मुलांसाठी ऑटिझम आणि जात हे दोन वेगळे विषय नाहीत.

अॅट्रॉसिटी कायद्यातलं 'सार्वजनिक नजरेसमोर अपमान' हे कलम तुम्हाला ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 यात कलम 92 आहे. दिव्यांग व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. आम्हाला त्या दिवशी हे माहीत नव्हतं. आज त्याच्या खिशात ओळखपत्र असतं, त्यावर माझा नंबर आणि एक ओळ, 'मी ऑटिस्टिक आहे, मला वेळ द्या.'

कायदा आपल्या घरी आपणहून चालत येत नाही. तो कुणीतरी वाचून आणावा लागतो, आणि घरातल्या पहिल्या पदवीधराचं काम तेच आहे. काय वाचायचं ते सांगते.

पहिलं, ओळखणं. वर्षाचं मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मोफत तपासणी होते. तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

दुसरं, प्रमाणपत्र. 1995 च्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व होतं, त्यात ऑटिझम नव्हता. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत आणि ऑटिझम स्पष्ट नावाने आहे. तपासणी 40 मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर होते. 40 टक्के किंवा त्याहून जास्त आलं की बहुतेक हक्क लागू होतात. यूडीआयडी कार्ड काढा. त्यावर जुना 'मतिमंद' शिक्का असेल तर पुन्हा तपासणी मागा.

तिसरं, शाळा आणि नोकरी. 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या किंवा निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षण हा हक्क आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा, सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार अशा गटासाठी आहे. हे समांतर आरक्षण आहे, त्यामुळे जातीचा दाखलाही सोबत ठेवा. एक घेतलं म्हणून दुसरं जात नाही.

चौथं, 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा. माझ्या भावाच्या जन्माआधीचा हा कायदा. आम्हाला तो कुणी सांगितला तेव्हा भाऊ 18 वर्षांचा होत आला होता. त्याखाली 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, थेरपीचा खर्चही त्यात येतो. आणि पाचवं, ते 18 वर्षं. मूल सज्ञान झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात, त्याच्यावर मात्र पालकत्व लादू नका.

आमच्या घरी तो अर्ज मी केला. बाबांनी सही करताना विचारलं, "आमच्यामागं तूच ना?" मी हो म्हटलं. आज इथे बसलेल्या भावांना विचारते, हा प्रश्न दर वेळी बहिणीलाच का? तुमच्या घरात असा भाऊ, अशी बहीण असेल, तर तिची औषधं, तिची अंघोळ, तिचं ऊन-पाऊस यात तुमचा वाटा किती? लग्नाच्या बोलणीत हे भावंड लपवू नका. ज्याला ते चालणार नाही त्याला तुम्हीही चालणार नाही, हे आधीच कळलेलं बरं.

शेवटी विहाराकडे एक मागणी. 14 तारखेच्या मिरवणुकीला माझा भाऊ कधी आला नाही. डीजेच्या आवाजाने तो स्वतःचा हात चावतो. यंदा मिरवणुकीत थोडं अंतर डीजे बंद ठेवा. ढोल नको, फक्त चालणं. ज्यांना आवाज सोसत नाही, ती मुलं, म्हातारी माणसं, तेवढ्या वाटेने सोबत येतील.

तो रविवारी विहारात खुर्च्या लावतो. तुम्ही आता ज्या सरळ ओळींत बसला आहात, त्या त्याने लावल्या आहेत. मला त्याचं कौतुक आहे. पण खुर्च्या लावतो म्हणून तो आपला आहे असं नाही. उद्या एकही खुर्ची लावली नाही, तरी तो आपलाच आहे.

हल्ली तो ते जुनं वाक्य म्हणत नाही. आता संध्याकाळी मी कामावरून आले की दारात उभा राहून म्हणतो, "ताई आली, चप्पल काढ." हे वाक्य आईचं आहे. मी चप्पल काढते.

जय भीम!