गवती चहाचं तेल, कॅन्सर आणि उरलेल्या पेशी

बदलापूरहून लोकल पकडली असेल तर अंबरनाथ, उल्हासनगर जाईपर्यंत आपला विषय रंगात येईल. याच गाडीत फाइलची पिशवी सांभाळत परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली माणसंही असतात. आजचा भाग त्यांच्या घरच्या ग्रुपसाठी.

फॉरवर्ड फिरतो: गवती चहाचं तेल कॅन्सरच्या पेशी मारतं. शेजारच्या काकूंची केमो चालू आहे. त्या म्हणाल्या, "अरे, मग सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

गंमत म्हणजे फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही. गवती चहात सिट्रल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल. प्रयोगशाळेत हे कॅन्सरच्या पेशी मारतात. पण कसं बघतात? प्लास्टिकच्या प्लेटमध्ये 96 छोटे खड्डे, त्यात पेशी. आपल्याकडे त्या बऱ्याचदा पुण्याच्या एनसीसीएसमधून येतात. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात. अंबरनाथ एमआयडीसीत काम करणाऱ्यांना सांगायला नको, सॉल्व्हंटही पेशी मारू शकतो. म्हणून नुसत्या सॉल्व्हंटचा खड्डा वेगळा. मग पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळा कमी, म्हणजे जिवंत पेशी कमी.

आता फॉरवर्डने गिळलेला प्रश्न. निरोगी पेशींचं काय झालं? त्याच डोसला त्याही निम्म्या मेल्या, तर तेलाला कॅन्सर ओळखताच येत नाही. प्लेटमधला कॅन्सर फिनाईलनेही मरेल हो!

शिवाय प्लेट म्हणजे शरीर नव्हे. प्यायलेलं तेल पोटातून यकृतात जातं, तिथे त्याचं रूप बदलतं. गाठीपर्यंत किती पोचणार? उलट 5 ते 10 मिलिलिटर लवंग तेल पोटात गेलेल्या लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

झाडातून औषध मिळतच नाही, असं मी म्हणत नाहीये. कुंडीतली सदाफुली बघा. तिच्यातून विनक्रिस्टीन मिळालं, मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते 1960च्या दशकापासून वापरात आहे. पण ते तेल नाही, वेगळा काढलेला एक घटक आहे. मोजून मिलिग्रॅममध्ये, शिरेतून देतात. तरी हातापायांना मुंग्या येतात, कारण निरोगी नसांनाही त्याचा फटका बसतो.

नुसता वास घ्यायला बाटली ठेवली असेल, तरी केमो देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिऊ मात्र नका. तुमच्या ग्रुपवरचे असे फॉरवर्ड मला पाठवा, पुढच्या भागात घेऊ.