परत गेलेल्या माणसाची नोंद

या उकाड्यात पदवीचे झगे घालून बसलेल्या मुलामुलींनो,

 

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘सुशासन आणि सर्वसमावेशक मानव विकास’. सरकारी आणि महापालिकेच्या नोकरीत हयात गेली. असे शब्द मी परिपत्रकांच्या पहिल्या परिच्छेदात पुष्कळ वाचले आणि दुसऱ्या परिच्छेदापासून विसरलो. तेव्हा मी आपला कार्यालयाच्या खिडकीवरून जेवढं दिसलं तेवढं सांगतो.

पहिली नेमणूक दुष्काळी तालुक्यात, रोजगार हमीच्या कामांवर. केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला २००५ मध्ये. आपल्या महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी ही कल्पना त्याच्या कितीतरी आधी मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तुमच्यापैकी जे चाकणला किंवा हिंजवडीला नोकरीला लागतील, त्यांच्या पगारातून महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जाईल. कुरकुर करू नका. शहरातल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराच्या कामाला हातभार लावावा, म्हणून १९७५ मध्ये तो कर आला. इतका सरळ हिशेब मला पुढच्या कुठल्या योजनेत दिसला नाही.

कामावर बाया चौकड्या, म्हणजे चौकोनी खड्डे, खोदायच्या. मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, संध्याकाळी त्याला टेप लावून खोली काढायची, लांबी-रुंदीने गुणायचं आणि मोजमाप पुस्तकात चढवायचं. मऊ मातीचा दर वेगळा, कठीण मुरमाचा वेगळा. कुठल्या थराला काय म्हणायचं हे ठरवणार कोण? नुकताच डिप्लोमा करून आलेला मी. माझ्या एका शब्दावर घरटी आठवड्याचा बाजार ठरायचा. एक म्हातारी होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. ती मोजणीच्या वेळी मुरमाचा खडा माझ्यापुढे धरायची. “साहेब, ह्याला माती म्हणता? जरा दाताखाली धरून बघा की.” मुरूम आणि माती यांतला फरक मी पुस्तकापेक्षा तिच्याकडून जास्त शिकलो.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. कायदा म्हणत होता की मजुराने कामाची मागणी केली की पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. आता पंधरा दिवस मोजायचे तर कुठल्या तरी तारखेपासून मोजायला हवेत. तारीख यायची पोचपावतीवर. म्हणून पोचच द्यायची नाही! “साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या.” सोमवारी, “फॉर्म संपलेत.” माणसं चार-पाच कोस चालून यायची आणि तशीच परत जायची. महिन्याच्या अहवालात मागणी इतकी, काम दिलं तितकं, शिल्लक निरंक. कागदावर तालुक्यात बिनकामाचा एकही माणूस नव्हता.

     

नंतर मी एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात गेलो. नाव घेत नाही, आणि तुम्हीही अंदाज बांधू नका. तिथे वार्षिक आढाव्यात एका प्रभागाचं कौतुक झालं. पाण्याच्या तक्रारी शून्य! आयुक्तांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. त्या प्रभागात टेकडीच्या उतारावर एक मोठी वस्ती होती आणि तिथे आठवड्यातून दोनदा टँकर येतो हे मला माहीत होतं. तक्रार कशी नाही? तक्रार कक्षात जाऊन बसलो. एक बाई आली, हातात मूल. ऑपरेटरने ग्राहक क्रमांक विचारला. ती म्हणाली, नळच नाही तर नंबर कुठला? ऑपरेटर मुलगा भला होता, त्याने मशीन माझ्याकडे वळवून दाखवलं. ग्राहक क्रमांकाची चौकट रिकामी ठेवली की पुढचं पान उघडतच नव्हतं. ज्यांना पाणी कमी येतं त्यांना तक्रार करता येत होती. ज्यांना अजिबात येत नाही त्यांना करता येत नव्हती. मी टिपणी लिहिली. तिच्यावर शेरा आला, ‘चर्चा करावी.’

ती प्रणाली लिहिणारी मुलं तुमच्याच वयाची होती आणि हुशार होती. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी बिनचूक केलं.

तुम्ही जिथे चार वर्षं शिकलात त्या दिघीकडेच बघा ना. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. टेल्को, बजाज आणि त्यांच्या मागे उभे राहिलेले शेकडो लहान कारखाने यांच्यामुळे जकातीचा असा ओघ होता की देशातल्या श्रीमंत महापालिकांत तिचं नाव घेतलं जाई. दिघी, चऱ्होली, मोशी ही गावं हद्दीत आली १९९७ मध्ये. तोवर गुंठेवारीने जागा घेऊन कामगारांनी घरं बांधायला सुरुवात केली होती, कारण कारखान्यांनी माणसं बोलावली आणि त्यांनी राहायचं कुठे हे कोणी ठरवलंच नाही. त्यात दिघी मॅगझिनचा, म्हणजे लष्कराच्या दारूगोळा कोठाराचा, रेड झोन, सीमाभिंतीपासून ११४५ मीटरचा बांधकामबंदीचा पट्टा. दारूगोळ्याजवळ वस्ती नको, हे लष्कराचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण त्या पट्ट्यात माणसं राहतात हेही तितकंच खरं. त्यांचं घर अनधिकृत, म्हणून बांधकाम परवाना नाही आणि कर्ज नाही. अनधिकृत बांधकामांवर शहरभर शास्तीकर लावला, मिळकत कराच्या दुप्पट. तो माफ व्हायला २०२३ उजाडलं. वसुलीच्या वेळी सगळ्यांचे पत्ते बरोब्बर सापडतात, हे मी स्वतः पाहिलंय.

पाण्याचंही तेच. पवना धरणातून बंद जलवाहिनी आणायची ठरली, आणि ९ ऑगस्ट २०११ ला मावळात आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन जण गेले, काम थांबलं. नोव्हेंबर २०१९ पासून हे शहर दिवसाआड पाणी भरतंय. अभियंता म्हणून मी सांगू शकतो की ती वाहिनी तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हती. धरणाकाठच्या माणसाला त्याच्या पाण्याचं काय होणार हे आधी, समोर बसवून, नीट सांगण्याचं काम अवघड होतं, आणि त्याची निविदा निघत नाही.

आता पत्रिकेवरच्या मानव विकासाकडे येतो. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारातून संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक आला. देश किती श्रीमंत एवढंच न बघता माणसं किती जगतात, किती शिकतात हेही बघायचं. २०१० पासून त्यात विषमतेची वजावट करून दुसरा आकडाही देतात. २०२५ च्या अहवालात भारत १३० व्या क्रमांकावर आहे, आणि विषमता वजा केली की आपला निर्देशांक सुमारे तीस टक्क्यांनी घसरतो. अर्थशास्त्रज्ञ याची कारणं मांडतील. माझ्यापुरतं विचाराल तर त्या घसरणीमागचे बरेच जण मी खिडकीवरून परत जाताना पाहिलेत.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा केला. चांगला कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अपील आहे आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड आहे. पण मुदत सुरू होते अर्ज स्वीकारल्यावर. “आधी कागद पूर्ण करून आणा” असं म्हणून माणूस परत पाठवला की मुदत सुरूच होत नाही. आता तर “ओटीपी आला नाही”, “अंगठा जुळत नाही” असंही म्हणता येतं. आक्काच्या वयाच्या, माती उपसून बोटं घासलेल्या बायांचे अंगठे कसे जुळणार? दाखले मुदतीत दिल्याची टक्केवारी मात्र नव्वदच्या पुढे. आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर या शहरात साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता. परत आलेल्या माणसाने जायचं तरी कोणाकडे? नगरसेवक कसाही असो, त्याच्या घराची कडी वाजवता येते.

मुलांनो, बाकी काही विसरलात तरी चालेल. तुमच्यातले काही जण अशी पोर्टलं लिहिणार, काही जण स्पर्धा परीक्षा देऊन खिडकीच्या आत बसणार. जो अर्ज घेतला नाही, त्याचीही नोंद झाली पाहिजे. कोण आला, का परत पाठवला, कोणी पाठवला, तारीख, आणि त्याच्या हातात कागदाचा एक चिटोरा. ‘निरंक’ दिसलं की जागेवर जाऊन बघा. कंपनीत असाल तर हे कामाची व्याप्ती ठरवायच्या पहिल्याच बैठकीत मांडा. साहेब म्हणतील, निविदेत ही बाब नाही. म्हणू द्या, पण तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या. करारावर सह्या झाल्यावर असा एक रकाना वाढवायला ठेकेदार किती पैसे मागतो, ते मी मोजलेले आहेत.