तब्येत, पथ्य आणि जीवनसत्त्व

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच हा भाग वसलेला आहे. अठराव्या शतकात युरोपीय व्यापाऱ्यांचे व अधिकाऱ्यांचे बागबंगले येथे नदीकाठाने उभे राहिले आणि त्यांवरून या भागाला हे नाव पडले. १८५६ साली कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. पदच्युत नवाब वाजिद अली शाह कलकत्त्यास आला आणि गार्डन रीचच्या मटियाबुर्ज या वस्तीत १८८७ साली मृत्यू येईपर्यंत राहिला. त्याच्यामागोमाग लखनौचे गवई, आचारी, शिंपी आणि हकीमही आले. पुढे गोदी, जहाजबांधणीचा कारखाना आणि रेल्वेची कचेरी यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील माणसे येथे स्थायिक झाली. आजारी माणसाने काय खावे, हा घरोघरचा प्रश्न त्यामुळे येथे एकाच गल्लीत उर्दू, बंगाली आणि हिंदी अशा तीन भाषांत विचारला जातो.

हकिमांनी आणलेली परिभाषा युनानी वैद्यकाची होती. या शास्त्राप्रमाणे रक्त, कफ, पित्त आणि काळे पित्त या चार रसांच्या मिश्रणातून प्रत्येकाचा ‘मिजाज’ ठरतो. अन्न उष्ण की शीत, हे पदार्थाकडे पाहून आणि खाणाऱ्याकडेही पाहून सांगावयाचे असते. मराठी माणसाला ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. ‘तब्येत’, ‘कुवत’, ‘ताकद’, ‘खुराक’, ‘इलाज’ हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले व घरचे झाले. ‘मिजाज’ हा शब्दही आला; मात्र मराठीत त्याची ‘मिजास’ झाली आणि वैद्यकाशी असलेले त्याचे नाते तुटले. ‘तब्येत’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वभाव, निसर्गतः घडलेली ठेवण. संस्कृतातून आलेला ‘प्रकृती’ हा शब्द नेमके तेच सांगतो. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारताना मराठी माणूस नकळत हेच विचारीत असतो की, आपण मूळचे जसे आहात तसे आहात ना?

या जुन्या शब्दांचा रोख खाणाऱ्या माणसाकडे आहे. अन्न मानवते किंवा बाधते, अंगी लागते किंवा लागत नाही. ‘पथ्य’ हे याच्यासाठी एक, तर त्याच्यासाठी दुसरे. विसाव्या शतकात दुसरी परिभाषा आली. तिचा रोख अन्नाकडे आहे. १९१२ साली कासिमिर फुंक या शास्त्रज्ञाने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द घडविला. त्यातील ‘व्हिटा’ म्हणजे जीवन. मराठीने त्यासाठी ‘जीवनसत्त्व’ हा शब्द घेतला, बंगालीने ‘खाद्यप्राण’. एका भाषेने जीवनाचे सत्त्व म्हटले, दुसरीने अन्नाचा प्राण म्हटले. दोन्ही शब्द सुंदर आहेत. पण चुलीपाशी बसलेल्या बाईला त्यांतून काय शिजवावे ते कळत नाही.

येथेच खरी अडचण आहे. संध्याकाळी मूल ठेचाळू लागले की बंगाली आई त्याला ‘रातकाना’ म्हणते, मराठी आई ‘रातांधळेपणा’ म्हणते. रोग तिला दिसतो, त्याचे नावही तिच्यापाशी असते. ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे कारण दुसऱ्या परिभाषेत राहते. या दोहोंमध्ये पालेभाजी, पिकलेला आंबा, अंडे ही नावे उच्चारणारा कोणी नसेल, तर मुलाची दृष्टी कायमची जाऊ शकते. तसेच ‘अंगात शक्ती नाही’ असे एखादी स्त्री म्हणते, तेव्हा पुष्कळदा तिच्या रक्तात लोहाची उणीव असते. पण ‘शक्ती’ हा शब्द ऐकून दुकानदार तिच्या हाती शक्तिवर्धक औषधाची महागडी बाटली ठेवतो. शब्दाचा अर्थ चुकीच्या ठिकाणी लागला की पैसा जातो आणि दुखणे तसेच राहते.

जुनी भाषा नेहमीच शहाणी असते असेही नाही. जुलाब होत असलेल्या मुलाचे पाणी तोडावे, त्याला उपाशी ठेवावे, ही समजूत अनेक घरांत पथ्याच्याच नावाने चालत आली आहे आणि तिने असंख्य मुलांचे प्राण घेतले आहेत. शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यानेच अशा मुलाचा मृत्यू ओढवतो.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून ते रोग्यांना पाजविले. पाजण्याचे काम रोग्यांच्या नातलगांनीच केले. जेथे शंभरांत सुमारे तीस रोगी दगावत होते, तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. मात्र साधे मिठाचे पाणी म्हणून लोकांनी ते झिडकारले असते. म्हणून डॉक्टरांनी त्याला ‘तोंडाने घ्यावयाचे सलाइन’ म्हटले. सलाइन हा शब्द लोकांच्या ओळखीचा होता. त्याच्या गुणावर त्यांचा विश्वास होता. त्या विश्वासाच्या आधारे नवे औषध घशाखाली उतरले. महाराष्ट्रात याच द्रवाला ‘जलसंजीवनी’ हे नाव मिळाले. शुक्राचार्यांची संजीवनी विद्या आणि मारुतीने आणलेली वनस्पती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. सामान्य पाण्यात एवढे सामर्थ्य असू शकते, हे तो शब्दच पटवून देतो.

आहाराविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला यातून एक धडा घेता येईल. गार्डन रीचच्या गल्लीत ‘प्रथिने घ्या’ एवढे सांगून भागत नाही. डाळ, मासा, अंडे अशी नावे घ्यावी लागतात आणि त्यांतील कोणते त्या घराच्या कुवतीत बसते तेही पाहावे लागते. ऐकणाऱ्याच्या भाषेतील कोणता शब्द जपावयाचा आणि कोणती समजूत हळुवारपणे बाजूस सारावयाची, याचा विवेक सांगणाऱ्यापाशी असला पाहिजे. ज्ञान प्रयोगशाळेत सिद्ध होते हे खरे; पण त्याचा उपयोग होण्यासाठी ते अखेर कोणा तरी आईच्या बोलीत उतरावे लागते.