सर्व्हर उठला, सर्व्हिस उठली का?

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात कारखान्यांचे, रुग्णालयांचे, कॉलेजांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ही परिषद रविवारी ठेवली, हे संयोजकांनी फार योग्य केलं. भोसरी-पिंपरीकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, पण ती कारखान्याला. महावितरणची देखभालीची कामं त्याच दिवशी निघतात, वीज जाते, यूपीएस दम धरतो तेवढा धरतो, आणि मग सगळं बंद करून पुन्हा उठवायचं काम आपल्याकडे येतं. शुक्रवारी पहिल्या पाळीला सुपरवायझरचा फोन येतो, ‘झेड ड्राइव्हवर लाल फुली आलीय, ड्रॉइंग उघडत नाही.’ माझं आजचं सगळं बोलणं त्या फोनबद्दल आहे.

तळेगावात हे बोलताना एका गोष्टीची आठवण ठेवायला हवी. १९०८ साली याच गावात लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. माल काढणं आणि कारागीर घडवणं हे दोन्ही हेतू त्यामागे होते. हाताखाली काम करत शिकायची ती रीत आपल्याही धंद्यात आहे. आपले बहुतेक लोक सर्व्हर शिकले ते कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. म्हणूनच ज्येष्ठ माणूस काय करतो हे फार महत्त्वाचं ठरतं. तो ‘रीस्टार्ट मारून बघ’ म्हणाला, तर नवा मुलगा पुढची वीस वर्षं तेच करतो.

या सवयीविरुद्ध मला आज ठासून बोलायचं आहे. रीस्टार्ट म्हणजे निदान नव्हे. उलट कारणाचा मागच तो पुसून टाकतो. आणि कधी कधी चालू असलेली सर्व्हिसही त्यानेच मरते. विंडोजवर एखादी सर्व्हिस एखाद्या खात्याच्या नावाने चालते. त्या खात्याचा पासवर्ड महिन्यापूर्वी बदललेला असतो, पण सर्व्हिस आधीच आत शिरलेली असल्यामुळे चालू राहते. आपण दुसऱ्याच कारणासाठी मशीन रीस्टार्ट करतो आणि ती उठत नाही. इव्हेंट लॉगमध्ये लॉगऑन फेल झाल्याचं, १०६९ क्रमांकासह, स्पष्ट लिहिलेलं असतं. ते न वाचता आपण पुन्हा रीस्टार्ट करतो.

शेअर उघडत नाही, या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. मशीन आयपीने पोचतं का? नावाने पोचतं का? ४४५ नंबरचं पोर्ट उघडं आहे का? शेअरची यादी दिसते का? यादी दिसून आत शिरता येत नाही का? हे प्रश्न याच क्रमाने विचारले की चूक कुठल्या पायरीवर आहे ते कळतं. विंडोज स्वतःच ते सांगत असतं. एरर ५३ म्हणजे सर्व्हरपर्यंतच पोचता आलं नाही. नाव, केबल, फायरवॉल बघा. एरर ६७ आला तर सहसा शेअरचं नाव चुकलेलं असतं. एरर ५ म्हणजे सर्व्हर भेटला, पण आत घेत नाही. आणि १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरवर तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने शिरलेले आहात. पाचाला ‘फायरवॉल बंद करून टाक’ हे उत्तर नाही आणि त्रेपन्नाला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ हे उत्तर नाही. तरीही आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी सर्व्हरवर फायरवॉल बंद आहे आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल आहे. कुणीतरी घाईत केलं, मशीन चालू झालं, आणि ते तसंच राहिलं.

अजून एक फसवी जागा सांगतो. सर्व्हिस झेड ड्राइव्हवरची फाइल मागते आणि पडते. आपण अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करतो, झेड ड्राइव्ह उघडतो, फाइल समोर दिसते. मग शेअर ठीक आहे, सॉफ्टवेअरमध्येच घोळ आहे, असं म्हणून व्हेंडरला फोन लावतो. पण मॅप केलेला ड्राइव्ह ज्याने लॉगिन केलं त्याच्यापुरता असतो. लोकल सिस्टीम खात्यावर चालणाऱ्या सर्व्हिसला तुमचा झेड माहीतच नसतो. ती नेटवर्कवर जाते ती संगणकाच्या खात्याने. तिला पूर्ण पत्ता द्या, सर्व्हरच्या नावासकट, आणि ज्या खात्याने ती चालते त्याच खात्याने तपासा. लिनक्सवर एनएफएसची साधी पद्धत वापरली तर ओळख नावाने होत नाही, आकड्याने होते. या सर्व्हरवर १००१ म्हणजे स्टोअरचा माणूस आणि त्या सर्व्हरवर १००१ म्हणजे अकाउंट्सचा, तर स्टोअरवाल्याच्या हाती अकाउंट्सच्या फायली जातात आणि कुठेही एरर येत नाही.

आता जिथे मला जरा थांबायचं आहे तो भाग. गुरुवारी वीज येते. सगळी यंत्रं एकदम उठू लागतात. अ‍ॅप्लिकेशनचा सर्व्हर चपळ असतो, तो आधी उठतो. नॅसला डिस्क तपासायला वेळ लागतो, स्विचलाही काही क्षण लागतात. अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर डेटा नावाची एक डिरेक्टरी असते, तिच्यावर नॅसचा शेअर माउंट व्हायचा असतो. नॅस अजून तयार नाही, माउंट झालं नाही. पण डिरेक्टरी तर आहे! रिकामी, लोकल डिस्कवरची. सर्व्हिस उठते, डिरेक्टरी सापडते, आणि ती निमूटपणे तिथेच लिहायला लागते. शुक्रवारी सकाळभर तपासणीचे अहवाल लोकल डिस्कवर जमा होतात. अकरा वाजता कुणाच्या तरी लक्षात येतं की जुन्या फायली दिसत नाहीत. तो हाताने माउंट करतो. जुन्या फायली परत येतात आणि सकाळच्या गायब होतात. त्या कुठेही गेलेल्या नसतात, माउंटच्या खाली झाकल्या गेलेल्या असतात. पण हे माहीत नसलेला माणूस बॅकअप रीस्टोअर करायला धावतो, आणि खरा गोंधळ तिथून सुरू होतो.

लिनक्सवर सर्व्हिस कशी आणि कधी उठवायची ते सिस्टीमडी ठरवतं. ते २०१० साली आलं आणि रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ते आपल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर आहे. तरी त्यातला एक मूलभूत भेद अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही. ‘आफ्टर’ लिहिलं की फक्त क्रम ठरतो. ती दुसरी गोष्ट उठलीच पाहिजे, असं त्यातून कुणालाही सांगितलं जात नाही. त्यासाठी ‘वॉन्ट्स’ किंवा ‘रिक्वायर्स’ लिहावं लागतं. आणि ‘नेटवर्क’ नावाचं टार्गेट गाठलं म्हणजे नेटवर्क हाताशी आलं असं नाही. ते हवं असेल तर ‘नेटवर्क-ऑनलाइन’ मागावं लागतं. वर सांगितलेल्या प्रसंगाला तर नेमका उतारा आहे. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून तो मार्ग द्या. माउंट झालं नाही तर सर्व्हिस उठणारच नाही. एफएसटॅबमध्ये ती ओळ नेटवर्कवरची आहे हे नोंदवा. शिवाय माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीला न बदलण्याचा गुणधर्म लावून ठेवा, म्हणजे चुकूनही तिथे काही लिहिलं जाणार नाही. न उठलेली सर्व्हिस लगेच दिसते. चुकीच्या जागी लिहिणारी सर्व्हिस आठवडाभर दिसत नाही. मला विचाराल तर पहिलीच मी दहापट पसंत करेन.

जुन्या सीएनसी मशीनचा प्रश्न आपल्या पट्ट्याचा खास आहे. मशीन धडधाकट आहे, मायक्रॉनमध्ये काम देतं, पण त्याच्या कंट्रोलरमध्ये विंडोज एक्सपी आहे, ज्याचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याला फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलता येते. नव्या सर्व्हरवर ती मुळात बंद असते. मग प्रोग्रॅम पाठवता यावा म्हणून मुख्य सर्व्हरवरच ती चालू केली जाते. कृपा करून हे करू नका. एक छोटा लिनक्स डबा मध्ये ठेवा, त्यावर सांबा टाका, मशीनांचं व्हीलॅन वेगळं करा. जुनी भाषा त्या डब्यापुरती राहू द्या. मुख्य सर्व्हरशी त्याने नव्या आवृत्तीतच बोलावं.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर जगभर पसरलं आणि जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या ज्या छिद्रातून ते शिरत होतं, त्याचं पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. पण पॅच टाकलेली यंत्रंही वाचली नाहीत, कारण एका यंत्रात सापडलेली अ‍ॅडमिनची ओळख घेऊन ते अ‍ॅडमिन शेअरवरून पुढच्या यंत्रात जात होतं. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या डोमेन कंट्रोलरची एकच धड प्रत उरली होती, घानामध्ये, आणि ती उरली कारण तिथे त्या वेळी वीज गेली होती. आपल्याकडे सगळ्या सर्व्हरला एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवणाऱ्यांनी त्या दहा दिवसांचा विचार करावा.

एवढं सगळं आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण ते लिहिलेलं नाही. कुठला सर्व्हर कुणाची वाट बघतो, हे एका माणसाच्या डोक्यात असतं. तो माणूस चाकणला नोकरी बदलून गेला की गुरुवार पुन्हा पहिल्यापासून. आणि लिहिलंच तर इंग्रजीत, साहेबाला दाखवण्यापुरतं. रात्रपाळीला रॅकसमोर उभा असलेला आयटीआयचा मुलगा जी भाषा बोलतो त्या भाषेत का नाही? स्विच आधी, मग नॅस, मग डोमेन कंट्रोलर, घड्याळं जुळली का ते बघ, कारण पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर केरबेरॉस आत घेत नाही, मग डेटाबेस, मग अ‍ॅप्लिकेशन, आणि प्रत्येकाच्या पुढे ‘उठलं हे कशावरून ओळखायचं’ हे एका ओळीत. असा मराठी कागद रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला हवा.

दुपारच्या सत्रात आपण भाषणं ठेवलेली नाहीत. प्रत्येकाने आपल्याकडचा एक खरा बिघाड सांगायचा आहे, कंपनीचं नाव न घेता: लक्षण काय दिसलं, लॉगमध्ये शब्दशः काय होतं, आधी काय चुकीचं वाटलं आणि शेवटी कारण काय निघालं. दोन जण ते मराठीत उतरवून घेतील आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या प्रती सगळ्यांना मिळतील. जे पहिल्यांदाच आले आहेत त्यांनी आधी बोलावं, ज्येष्ठांनी नंतर. जेवणानंतर बरोबर दोन वाजता याच सभागृहात भेटू.