मातीचा बांध आणि कोरडा सांडवा

(भाषणाचा मजकूर)



सोलापूर आणि तलाव यांचे नाते फार जुने आहे. बाराव्या शतकात श्री सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून तलाव निर्माण केला, ही परंपरा या शहराने अभिमानाने जपली आहे. विजापूर रस्त्यावरील कंबर तलाव, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलाव, हे नागरिकांच्या सायंकाळच्या विसाव्याचे ठिकाण. शहराच्या उत्तरेस, तुळजापूरच्या वाटेवर एकरुख धरण आहे. लोक त्याला हिप्परगा तलाव म्हणतात. अदिला नदीवरील हे मातीचे धरण १८७१ साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे २१ मीटर आणि लांबी दोन किलोमीटरांहून अधिक आहे. ते बांधले सिंचनासाठी. पुढे शहराची तहानही त्याने भागविली. आज पक्षी पाहण्यासाठी आणि घटकाभर मोकळ्या हवेत फिरण्यासाठीही लोक तेथे जातात.

जलाशय सहलीचे ठिकाण झाला, की त्याचा बांध लोकांना रस्ता वाटू लागतो. वस्तुतः तो रस्ता नसून पाण्याचा भार अहोरात्र पेलणारी भिंत असते आणि तिच्या पायथ्याशी माणसे राहत असतात.

सांडव्याचा विसर

सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पुष्कळ तलाव कित्येक वर्षे पूर्ण भरत नाहीत. त्यामुळे सांडव्यावरून पाणी वाहण्याचे दृश्य दुर्मीळ होते, आणि खरा धोका येथेच सुरू होतो. कोरड्या सांडव्यात झुडपे माजतात, राडारोडा पडतो. पुढील नाल्यात शेत वाढते, क्वचित घरही उभे राहते. एखादा हौशी माणूस चार बोटे अधिक पाणी साठावे म्हणून सांडव्याच्या तोंडाशी मातीचा आडवा बांधही घालतो. मग ऑक्टोबर २०२० सारखी अतिवृष्टी येते. त्या वेळी कमी दाबाच्या क्षेत्रामुळे या अवर्षणप्रवण जिल्ह्यात नद्यानाल्यांना महापूर आले. अशा रात्री पाण्याला हक्काची वाट मिळाली नाही, तर ते बांधाच्या माथ्यावरून जाते. दगडी भिंत असे पाणी काही काळ सोसू शकते. मातीचा भराव मात्र काही तासांतच कापला जातो.

दुसरा शत्रू आतून काम करतो. मातीच्या प्रत्येक बांधातून थोडे पाणी पाझरतेच. ते स्वच्छ असेल व त्याचा प्रवाह वाढत नसेल, तर भिण्याचे कारण नाही. पाणी गढूळ होऊ लागले, तर ते आतील माती वाहून नेत आहे असे समजावे. उंदीर-घुशींची बिळे, वठलेल्या झाडांच्या कुजलेल्या मुळ्या आणि विमोचकाच्या मोरीलगतची सैल माती या पाण्याच्या आवडत्या वाटा आहेत.

अनुभवाचा धडा

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या अपुऱ्या धरणात विमोचकाच्या भागावरील भराव खचला, त्यावरून पाणी गेले आणि धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले व पुण्यात हाहाकार उडाला. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील लहान धरण फुटून वीसहून अधिक जिवांचा बळी गेला. तेथील गळती गावकऱ्यांच्या नजरेस आधीच आली होती. धरण लहान म्हणजे धोका लहान, हा समज तिवऱ्याने कायमचा खोटा ठरविला.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. पंधरा मीटरांहून उंच धरणे, आणि दहा ते पंधरा मीटरांपैकी काही अटी पूर्ण करणारी धरणे, या कायद्याच्या कक्षेत येतात. एकरुख त्यात मोडते. परंतु गावोगावचे बरेच पाझर तलाव आणि लहान बांध त्या मर्यादेखाली राहतात. त्यांची राखण मुख्यतः स्थानिक संस्थांच्या आणि लोकांच्या जागरूकतेवरच अवलंबून आहे.

गावाने काय करावे?

मृगापूर्वी पंचायत सदस्यांनी शाखा अभियंत्यासह बांधाची एक फेरी करावी. सांडवा व त्यापुढील नाला मोकळा आहे ना, माथ्यावर भेगा किंवा खळगा नाही ना, पाण्याकडील दगडी अस्तर ढासळलेले नाही ना, हे पाहून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत तारखेसह लिहावे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हे तर येथील शेतकऱ्यास सांगावयास नको. बांधावर झाडे लावण्याचा उत्साह आवरावा. वृक्षारोपणास गावात अन्य जागा पुष्कळ आहेत.

शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक साधा प्रयोग करून घेता येईल. बांधाच्या पायथ्यापासून दूर, नालीतून वाहणारे पाझराचे पाणी दर आठवड्यास काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. तळाशी गाळ बसू लागला, तर त्याच दिवशी अभियंत्यास कळवावे.

गळती दिसताच बाहेरच्या बाजूने चिखल थापून ती बुजविण्याची घाई होते. तसे करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून फुटते. अभियंता येईपर्यंत तेथे आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी व त्यावर मोठे दगड घालावेत. पाणी निघून जाते, माती अडून राहते. विमोचकातून जलाशयाची पातळी उतरविण्याचा निर्णय अभियंत्याने घ्यावा, आणि खालच्या वस्तीला उंचावर हलविण्यास पंचायतीने विलंब लावू नये.

एकरुखच्या बांधाने दीडशेहून अधिक पावसाळे पाहिले. माती टिकते; मात्र तिच्यावर नजर ठेवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या असावी लागतात. सांडवा दहा वर्षे कोरडा राहिला, तरी अकराव्या वर्षासाठी तो मोकळा ठेवणे, हेच त्या राखणदारीचे पहिले काम होय.